आधी ढिलं शोधा, मग अलाइनमेंट

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना जसं बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त आकडे नीट लिहिलेत.)



गेल्या महिन्याभरात मला आलेल्या व्हॉइस मेसेजेसपैकी निदान चार-पाच एकाच जातीचे होते. "दादा, थारला मोठे टायर टाकले आणि आता साठच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं." "दादा, अलाइनमेंट करून महिना झाला नाही, गाडी परत डावीकडे ओढतेय." "दादा, पुढचा टायर आतून खाल्ला, बाहेरून नवाकोरा दिसतोय." सगळ्यांचा शेवटचा प्रश्न एकच: चांगला अलाइनमेंटवाला सांग ना.

तर आज अलाइनमेंटवाला सांगणार नाहीये. त्याच्याकडे जायच्या आधी काय करायचं, ते सांगणार आहे. मी मेकॅनिक नाही, हे आधीच सांगून टाकतो. बीटेक केलं, कोड लिहून पोट भरतो. पण नाशकात वाढलेल्या माणसाला जीप चुकवता येत नाही. महिंद्राने १९४७ साली विलीज जीप आपल्या देशात आणली, आणि आज आपल्या सातपूरच्या कारखान्यातून थार बाहेर पडते. सातपूर-अंबडला सुट्या भागांचे कारखाने, द्वारकेच्या आसपास गॅरेज, आणि गावाबाहेर पडलं की त्र्यंबक, इगतपुरी, पेठ, सुरगाणा. गाडी बनते पण इथे आणि मोडते पण इथेच!

आजच्या एपिसोडचं एक वाक्य लक्षात ठेवा, बाकी विसरलात तरी चालेल: आधी ढिलं शोधा, मग माप घ्या. ढिल्या गाडीचं अलाइनमेंट म्हणजे हलत्या वजनकाट्यावर सोनं तोलणं. मशीनच्या स्क्रीनवर सगळं हिरवं दिसेल, आणि पहिल्या खड्ड्यात ते माप गेलं.

तीन कोन, पटकन

पुढच्या चाकांचे तीन कोन असतात. टो, कॅम्बर आणि कॅस्टर.

टो म्हणजे वरून पाहिलं तर दोन्ही चाकं पुढे एकमेकांकडे झुकलीत की बाहेर फाकलीत. तुम्ही चालताना पाय आत टाकता की बाहेर, तसंच. कॅम्बर म्हणजे समोरून पाहिलं तर चाक वरच्या बाजूला आत कललंय की बाहेर. आणि कॅस्टर म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो अक्ष बाजूने पाहिला तर मागे किती कललाय. सायकलचा पुढचा फोर्क आठवा. तो तिरका असतो म्हणून हात सोडला तरी सायकल थोडा वेळ सरळ जाते. गाडीचं स्टिअरिंग वळणानंतर आपोआप सरळ होतं ते कॅस्टरमुळे.

जुन्या विलीज जीपच्या मॅन्युअलमध्ये कॅस्टर ३ अंश, कॅम्बर दीड अंश आणि टो-इन साधारण १ ते अडीच मिलिमीटर असं दिलेलं आहे. बघा, किती बारीक मापं आहेत! एवढी दणकट गाडी, पण तिचं नशीब दोन मिलिमीटरवर.

आता तुम्ही म्हणाल, मिलिमीटरने काय होतं? हिशोब करू. नव्या थारचा २५५/६५ आर १८ टायर घ्या. त्याचा व्यास साधारण ७९० मिलिमीटर. समजा टो १० मिलिमीटरने चुकलाय. १० भागिले ७९०, म्हणजे दर किलोमीटरला दोन्ही चाकं मिळून साडेबारा मीटरच्या वर आडवी ओढली जातात. नाशिक-मुंबई १६५ किलोमीटर धरा. एका फेरीत तुमचं रबर दोन किलोमीटर आडवं घासलं गेलं. गाडी टायर खाते म्हणतात ना, ती अशी खाते.

तुमच्या गाडीला पुढे काय आहे?

हे माहीत असल्याशिवाय पुढचं सगळं फोल. ढोबळ दोन प्रकार.

पहिला, अखंड अॅक्सल. जुन्या जीप, आपल्याकडचे बरेच पिकअप. एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत एकच लोखंडी अॅक्सल, त्याखाली नाहीतर वर पाटे, म्हणजे कमानी, आणि यू-बोल्टने दोन्ही बांधलेलं. मारुतीच्या जिम्नीलाही पुढे अखंड अॅक्सल आहे, फक्त पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग.

दुसरा, प्रत्येक चाक स्वतंत्र. वर एक आर्म, खाली एक आर्म, मधे बॉल जॉइंट. २०२० साली आलेल्या थारला असंच आहे, कॉइल स्प्रिंगसकट. त्याआधीच्या, म्हणजे २०१० पासूनच्या सीआरडीई थारलाही स्वतंत्रच, पण तिथे कॉइलऐवजी टॉर्शन बार. एक लांब पोलादी दांडा, जो पिळवटून स्प्रिंगचं काम करतो.

अखंड अॅक्सलमध्ये कॅम्बर सहसा हलत नाही. हललाच तर अॅक्सल वाकलाय, किंवा किंगपिन नाहीतर बेअरिंग झिजलंय. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये मात्र गाडीची उंची बदलली की तिन्ही कोन बदलतात. हा फरक पक्का डोक्यात ठेवा.

ढिलं शोधायची पद्धत

यासाठी लागतं काय? जॅक, दोन घोड्या, एक पहार, एक मित्र आणि तुमचा फोन. सपाट जागा. मागच्या चाकांना पुढून-मागून दगड. आणि एक नियम, ज्याला अपवाद नाही: फक्त जॅकवर असलेल्या गाडीखाली जायचं नाही. घोडी लावल्याशिवाय डोकंसुद्धा आत घालायचं नाही.

एक. चाक उचला. वर आणि खाली धरून, म्हणजे घड्याळातल्या १२ आणि ६ वर हात ठेवून, आत-बाहेर हलवा. टकटक जाणवली तर मित्राला ब्रेक दाबायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर हेलकावा गेला तर दोष चाकाच्या बेअरिंगमध्ये. नाही गेला तर बॉल जॉइंट, किंवा जुन्या गाडीत किंगपिन. इतकी साधी युक्ती आहे, पण अर्धं निदान इथेच होतं.

यात एक मेख आहे. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये स्प्रिंगचा जोर खालच्या आर्मवर असेल, तर जॅक चॅसीला लावून उपयोग नाही. चॅसी उचलली की स्प्रिंग आर्मला खाली ढकलते, बॉल जॉइंट ताणलेला राहतो आणि झिजलेला असूनही घट्ट वाटतो. जॅक खालच्या आर्मखाली, बॉल जॉइंटच्या जमेल तितका जवळ लावा. मग पहार घालून चाक वर उचलून बघा.

दोन. आता हात ३ आणि ९ वर. इथला हेलकावा म्हणजे टाय रॉड एंड, ज्याला आपल्या गॅरेजमध्ये सरळ टायर रॉड म्हणतात, नाहीतर स्टिअरिंगचे बाकीचे सांधे.

तीन. ही टेस्ट माझी लाडकी. गाडी खाली, चारही चाकं जमिनीवर, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक वर, इंजिन चालू. मित्राने स्टिअरिंग हलकेच डावीकडे-उजवीकडे हलवायचं, चार बोटं इकडे, चार बोटं तिकडे. तुम्ही बाजूला बसून फोन प्रत्येक सांध्यासमोर धरायचा आणि स्लो-मोशनमध्ये शूट करायचं. डोळ्याला न दिसणारा हेलकावा स्लो-मोमध्ये लख्ख दिसतो: दांडा आधी हलतो, सांधा उशिरा. ड्रॅग लिंक, टाय रॉड, स्टिअरिंग बॉक्स चॅसीवर जिथे बसवलाय ते बोल्ट, सगळं शूट करा. बॉक्सचे बोल्ट ढिले असतील तर आख्खा बॉक्सच चॅसीवर डोलताना दिसतो.

चार. बुश. आर्मच्या मुळाशी, पाट्यांच्या टोकाला, शॅकलमध्ये रबराचे बुश असतात. पहार घालून हलकं रेटा. रबर फाटलेलं, तेलाने फुगलेलं, नाहीतर नळी एका बाजूला बसलेली दिसली की बुश गेला. बॉल जॉइंट आणि टाय रॉडचे रबरी टोपही बघा. टोप फाटला की आत चिखल, आणि आपल्या इगतपुरीच्या पावसात चिखलाला काय तोटा! तिथून पुढे तो सांधा दिवस मोजतोय असं समजा.

मामाच्या पिकअपची गोष्ट

हे सगळं करून काय मिळतं त्याचं एक घरचंच उदाहरण.

माझा मामा दिंडोरी तालुक्यात असतो. टोमॅटो, द्राक्षं. त्याच्याकडे एक पिकअप, पुढे पाट्यांवाला. सीझनमध्ये मामेभाऊ रात्री माल भरून कसारा घाट उतरून वाशीला जातो आणि सकाळी परत. ती गाडी डावीकडे ओढायला लागली. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग उजवीकडे वाकडं. एका दुकानात अलाइनमेंट केलं, स्टिअरिंग सरळ झालं. तीन आठवड्यांनी परत तेच. परत गेला, परत सरळ करून मिळालं. तिसऱ्यांदा त्याला सांगितलं, टायर बदला.

मी गेलो होतो गावी. मामा म्हणाला, "तुझं ते कॉम्प्युटरचं राहू दे, जरा गाडी बघ." मी म्हटलं, मामा, आधी टेप द्या. मोजायचा टेप. आम्ही डाव्या बाजूला पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत अंतर मोजलं, मग उजव्या बाजूला. चाकं अगदी सरळ ठेवून. डावी बाजू दीड सेंटिमीटर कमी!

म्हणजे काय झालं होतं? डावीकडचे यू-बोल्ट ढिले. पाट्यांच्या मधून जाणारा सेंटर बोल्ट तुटलेला. अॅक्सलची डावी बाजू मागे सरकली होती, त्यामुळे आख्खा अॅक्सलच थोडा डावीकडे तोंड करून बसला होता. टो बरोबर, कॅम्बर बरोबर. अलाइनमेंटच्या मशीनवर दर वेळी स्टिअरिंग तेवढं सरळ करून दिलं जात होतं आणि अॅक्सल हळूहळू आणखी सरकत होता.

आता विचार करा, तो पोरगा दीड टन माल घेऊन रात्री घाट उतरतोय. उतारावर ब्रेक दाबला की सगळं वजन पुढे येतं आणि ब्रेकचा जोर अॅक्सलला मागे ढकलतो. त्या अॅक्सलला धरून ठेवणारे बोल्ट ढिले आहेत. मामी बाजूला उभी राहून ऐकत होती. तिने एवढंच विचारलं, "म्हणजे तुटलं असतं?" मामा काही बोलला नाही. त्या रात्री गाडी निघाली नाही. माल दुसऱ्याच्या गाडीत गेला.

दुरुस्तीला लागला एक सेंटर बोल्ट, नवे यू-बोल्ट आणि अर्धा दिवस. यू-बोल्ट जुने परत वापरायचे नाहीत, ते ताणले गेलेले असतात. आणि नवे बसवल्यावर काही दिवस माल वाहून झाला की परत पान्याने बघायचे, कारण पाटे एकमेकांवर बसतात आणि बोल्ट थोडे सैल पडतात. टेपने दोन्ही बाजू मोजणं, हे कोणालाही जमतं. पाच मिनिटांचं काम. तुमच्या घरी पिकअप असेल तर आजच करा.

फुकटची उंची

आता थारवाल्यांकडे वळतो. टॉर्शन बारच्या गाडीत एक बोल्ट असतो. तो पिळला की गाडी पुढून उंच होते. एक पैसा खर्च नाही, फोटो भारी येतात. म्हणून सगळे पिळतात.

होतं काय, की आर्म खाली झुकलेल्या स्थितीत उभे राहतात. म्हणजे चाकाला खाली जायला जागाच उरत नाही. खड्ड्यात चाक खाली जायला हवं, तिथे ते लटकून आपटतं. लोक म्हणतात सस्पेन्शन कडक झालं. टॉर्शन बारचा कडकपणा बोल्ट पिळून बदलत नाही हो! फक्त खालचा प्रवास संपलाय. शिवाय बॉल जॉइंट आणि अॅक्सलचे जॉइंट कायम तिरक्या कोनात काम करतात, टोप फाटतात, आणि टो-कॅम्बर दोन्ही हलतात. उंची बदलली आणि अलाइनमेंट केलं नाही, तर टायर आतून-बाहेरून कुठून तरी जाणारच.

पाट्यांच्या जीपला लांब शॅकल लावणाऱ्यांचंही तेच. पाट्याचं एकच टोक उचललं की अॅक्सल थोडा गोल फिरतो आणि कॅस्टर बदलतो. कॅस्टर कमी झाला की गाडी सरळ राहत नाही, रस्त्यावर भरकटते. त्यावर उपाय म्हणजे पाटा आणि अॅक्सलच्या मधे बसणारी पाचर. आणि एक आठवण: मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल चालत नाहीत. किट घेण्याआधी तेही बघा.

मग माप, आणि तेही क्रमाने

ढिलं सगळं काढलं. आता क्रम असा: टायरची हवा, मग गाडीची उंची, मग कॅस्टर, मग कॅम्बर, सगळ्यात शेवटी टो. टो शेवटी का? कारण आधीचं काहीही हललं की टो हलतो. कोड लिहिणाऱ्यांना सांगायला नको, डिपेंडन्सी आधी.

कॅस्टर-कॅम्बरला मशीन हवंच. पण टो घरी तपासता येतो. चाक उचलून फिरवा आणि टायरच्या मध्यावर गोल खडूचा पट्टा मारा. मग एक खिळा एका जागी घट्ट टेकवून चाक परत फिरवा. खडूत एक बारीक सरळ रेघ उमटेल. दोन्ही चाकांना. गाडी खाली घ्या, दोन-तीन मीटर पुढे ढकला म्हणजे सस्पेन्शन नीट बसेल. आता दोन माणसं, एक टेप: चाकाच्या मध्याच्या उंचीला, पुढच्या बाजूने रेघेपासून रेघेपर्यंत अंतर आणि तसंच मागच्या बाजूने. दोन्हीतला फरक म्हणजे तुमचा टो. पुढे कमी असेल तर टो-इन. तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा, व्हॉट्सअॅप ग्रुपवर नको.

घट्ट करायच्या चार गोष्टी

पहिली: आर्मच्या रबरी बुशचा बोल्ट गाडी हवेत असताना शेवटचा आवळायचा नाही. आर्म लटकलेला असताना आवळला की रबर त्याच स्थितीत पकडलं जातं, आणि गाडी खाली आली की कायम पिळलेलं राहतं. महिन्यांत फाटतं. बोल्ट हाताने बसवा, गाडी चाकांवर घ्या, मग टॉर्क रेंच.

दुसरी: टाय रॉडच्या खाचांच्या नटमध्ये स्प्लिट पिन बसत नसेल, तर नट मागे फिरवायचा नाही. पुढच्या खाचेपर्यंत आवळायचा. पिन दर वेळी नवी. आणि त्या निमुळत्या भागाला ग्रीस लावायचं नाही, कोरडा आणि स्वच्छ हवा.

तिसरी: ज्या सांध्यांना ग्रीस निप्पल आहे, त्यांना पाण्यातून, चिखलातून आल्यावर ग्रीस मारा, आतलं घाण ग्रीस बाहेर येईपर्यंत.

चौथी, आणि सगळ्यात स्वस्त: नेलपॉलिश. बहिणीची विचारून घ्या! प्रत्येक महत्त्वाचा नट टॉर्कने आवळला की नटवरून बोल्टवर एक आडवी रेघ ओढा. पुढच्या वेळी गाडीखाली टॉर्च मारला की रेघ तुटलेली दिसली तर नट फिरलाय. पान्याला हात न लावता दहा सेकंदांत कळतं.

स्टिअरिंग थरथरलं तर

अखंड अॅक्सलच्या गाडीत कधी कधी साठ-सत्तरच्या वेगाला एखादा खड्डा लागतो आणि आख्खं स्टिअरिंग वेड्यासारखं थडथडायला लागतं. इंटरनेटवर याला डेथ वॉबल म्हणतात. त्या क्षणी ब्रेकवर उभं राहू नका. स्टिअरिंग घट्ट धरा पण त्याच्याशी झटापट नको, अॅक्सिलरेटर सोडा, वेग उतरू द्या, बाजूला घ्या.

आणि नंतर कोणी म्हणालं की स्टिअरिंग डॅम्पर बदला, सगळं ठीक होईल, तर थांबा. डॅम्पर थरथर दाबतो, कारण तसंच राहतं. कारण असतं कुठल्या तरी सांध्यातला हेलकावा, कमी झालेला कॅस्टर, नाहीतर बॅलन्स नसलेला टायर. ते न शोधता डॅम्पर टाकणं म्हणजे एरर लॉग बंद करून बग गेला म्हणणं.

तर थोडक्यात, ऑफ-रोडिंग करून आलात की दुसऱ्या दिवशी गाडी धुवा आणि टॉर्च मारा: नेलपॉलिशच्या रेघा, रबरी टोप, यू-बोल्ट. दर पाच हजार किलोमीटरला चाक उचलून १२-६ आणि ३-९. वर्षातून एकदा, पावसाळा संपला की, टेपने दोन्ही बाजूंचं अंतर आणि खडूने टो. हे सगळं झालं की मग अलाइनमेंटला जा. आणि त्या माणसाला आधीचं आणि नंतरचं, दोन्ही मापांचं प्रिंट मागा. देत नसेल तर दुसरं दुकान बघा.

तुमच्या गाडीच्या सांध्याचा स्लो-मो व्हिडिओ काढलात तर मला पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये ब्रेक घेऊ, घाटातले ब्रेक. तोपर्यंत गाडी सांभाळून चालवा. भेटूच!